घरच्या घरी आपोआप चालणारे फिल्म डेव्हलपिंग मशीन बनवता येते का, आणि ते भरवशाचे आहे हे कसे तपासावे?

आपण विचारले आहे की ३५ मिलीमीटरचे कृष्णधवल रोल आपण घरी हाताने धुता, पण वेळ पाहणे, टाकी हलवणे आणि रसायने बदलणे ही कामे आपोआप करणारे मशीन बनवायचे असेल तर कोणते पंप घ्यावेत, आणि महत्त्वाचा रोल त्यात घालण्याआधी मशीनची खात्री कशी करून घ्यावी. मी पुण्यात राहतो, असे मशीन स्वतः बनवले आहे आणि माझे सर्व कृष्णधवल रोल त्यातूनच धुऊन निघतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मशीन नक्की बनवता येते. पंप मात्र घेऊ नका असा माझा सल्ला आहे, आणि बांधणीला जितका वेळ द्याल त्याहून अधिक वेळ चाचणीसाठी राखून ठेवा.

मशीनकडून नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवायला हवे. कष्ट वाचतात हे खरे, पण कृष्णधवल रोल धुण्याचे कष्ट मुळात फार नसतात. मशीनचा खरा उपयोग सातत्याचा आहे. निगेटिव्हची घनता (म्हणजे गडदपणा) आणि कॉन्ट्रास्ट या गोष्टी डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, तीव्रता, तापमान, वेळ आणि हलवण्याची पद्धत या चार गोष्टींवर ठरतात. यांपैकी शेवटची गोष्ट हाताने दरवेळी तशीच करणे सर्वांत अवघड असते. मशीन ती एकदा ठरवली की तशीच करत राहते. मात्र त्याची चूकही तितक्याच सातत्याने प्रत्येक रोलवर उमटते. म्हणूनच मी चाचणीला बांधणीइतके, किंबहुना जास्त महत्त्व देतो. या कल्पनेला मोठा इतिहास आहे. कोडॅकने १९०२ सालीच अंधाऱ्या खोलीशिवाय रोल धुण्याचे, हाताने दांडा फिरवायचे यंत्र बाजारात आणले होते, आणि जर्मनीच्या जोबो कंपनीची टाकी आडवी फिरवणारी यंत्रे अनेक व्यावसायिक छायाचित्रकारांनी वर्षानुवर्षे वापरली.

आता पंपांविषयी. असे मशीन बनवू पाहणारे बहुतेक जण पेरिस्टाल्टिक पंपापासून (नळी बाहेरून दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या पंपापासून) सुरुवात करतात, कारण त्यात रसायनाचा संबंध फक्त नळीशी येतो आणि धातू कुठेच भिजत नाही. हा विचार चुकीचा नाही, पण त्याचे गणित मांडून पाहिले पाहिजे. पॅटरसन कंपनीच्या प्रकाशबंद टाकीत ३५ मिलीमीटरच्या एका रिळासाठी, म्हणजे फिल्म गुंडाळून धरणाऱ्या खाचांच्या चौकटीसाठी, २९० मिली द्रावण लागते. सोयीसाठी ३०० धरू. हौशी कामासाठी मिळणारा १२ व्होल्टचा लहान पंप मिनिटाला १०० मिलीच्या आसपास द्रावण ओढतो, म्हणजे टाकी भरायलाच तीन मिनिटे लागतील. मोठा, मिनिटाला ५०० मिलीचा पंप घेतला तरी ३६ सेकंद लागतात, आणि रिकामी करायला तेवढेच. उभ्या टाकीत फिल्मची खालची कड आधी भिजते आणि रिकामी होताना सर्वांत शेवटी उघडी पडते. दोन्ही वेळा मिळून खालच्या कडेला वरच्या कडेपेक्षा ७२ सेकंद जास्त डेव्हलपर मिळतो. आठ मिनिटांच्या प्रक्रियेत हा फरक १५ टक्के होतो. आकाशाचा मोठा भाग असलेल्या चित्रात तो आडव्या पट्ट्यासारखा डोळ्यांत भरतो.

म्हणून माझ्या मशीनमध्ये द्रावण गुरुत्वाकर्षणाने वाहते. टाकीच्या वर, सुमारे एक वीत उंचीवर, डेव्हलपर, त्याची क्रिया थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र पक्के करणारा फिक्सर यांची तीन भांडी आणि पाण्याची एक छोटी बादली आहे. प्रत्येकाच्या तळातून १० मिलीमीटर आतील व्यासाची सिलिकॉनची स्वतंत्र नळी निघते आणि टाकीच्या नरसाळ्यात उतरते. नळीत कोणताही व्हॉल्व्ह नाही. एक चिमटा ती बाहेरून दाबून धरतो. चिमटा स्प्रिंगने बंद राहतो आणि सर्व्हो मोटर (ठरवलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) फक्त तो उघडते, त्यामुळे वीज नसतानाही रसायन खाली येत नाही. रसायने आपण आधीच मोजून भांड्यांत ओततो. ३०० मिली द्रावण टाकीत उतरायला दहा सेकंदांच्या आसपास वेळ लागला की भागले, कारण आपण हाताने ओततो तेव्हाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. प्रत्येक रसायनाची नळी वेगळी ठेवण्याचा आग्रह मी धरतो. एकच नळी सर्वांसाठी वापरली तर तिच्यात उरलेला फिक्सर पुढच्या वेळी डेव्हलपरमध्ये मिसळतो, आणि थोडासा फिक्सरही निगेटिव्हवर धुके आणण्यास पुरेसा असतो.

पाण्यासाठी वॉशिंग मशीनचा सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणारा, व्हॉल्व्ह वापरण्याचा मोह होतो, कारण तो स्वस्त असतो आणि सहज मिळतो. तो इथे चालत नाही. या प्रकारच्या बहुतेक व्हॉल्व्हना उघडण्यासाठी साधारण ०.०२ मेगापास्कल, म्हणजे सुमारे दोन मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. एक वीत उंचीवर ठेवलेल्या बादलीचा दाब त्याच्या जवळपासही जात नाही. पितळी व्हॉल्व्ह तर फिक्सरच्या वाटेवर नकोच, कारण थायोसल्फेट तांब्याच्या मिश्रधातूंना खाते.

टाकी रिकामी करण्यासाठी तिच्या तळाला कडेजवळ भोक पाडून प्लास्टिकचे टँक निपल (नळी जोडण्याचे तोंड) बसवावे आणि टाकी त्या बाजूला किंचित कलती ठेवावी. पारदर्शक सिलिकॉनची नळी प्रकाश आत वाहून नेते, हे येथे लक्षात ठेवावे. निपलाला थेट तशी नळी जोडली तर खोलीतला उजेड नळीच्या वाटेने टाकीच्या तळापर्यंत पोहोचतो. म्हणून निपलापासून पुढे काळी, अपारदर्शक नळी घ्यावी, तिला काटकोनातली दोन वळणे द्यावीत आणि त्यानंतरच चिमट्यासाठी मऊ नळीचा तुकडा जोडावा. निपलाच्या वायसरभोवतीही काळे सीलंट लावावे.

फिल्म हलवण्यासाठी पॅटरसनच्या टाकीसोबत येणारी फिरवण्याची काडीच मी वापरतो. तिच्यावर १२ व्होल्टची, मिनिटाला ३० ते ६० फेरे देणारी गिअर मोटर बसते. टाकी उलटीपालटी करण्याच्या तुलनेत नुसते गोल फिरवण्यात एक उणीव आहे. द्रावण फिल्मच्या लांबीच्या दिशेनेच वाहत राहते आणि कडेच्या भोकांजवळ त्याचे ठरावीक प्रवाह तयार होऊ शकतात. यावर उपाय म्हणजे दिशा वारंवार बदलणे आणि मधली विश्रांती सारखी न ठेवणे. माझ्या प्रोग्रॅममध्ये पहिला अर्धा मिनिट सतत हालचाल आहे. नंतर दर मिनिटाला दहा-बारा सेकंद, दोन्ही दिशांनी, आणि प्रत्येक दिशेचे फेरे थोडे कमीजास्त. काडीवर एक लहान चुंबक आणि समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर लावणे मला अत्यावश्यक वाटते. मोटर अडकली किंवा काडी निसटली तर फेरे मोजले जात नाहीत आणि बझर वाजतो. बंद टाकीत रीळ फिरते आहे की नाही हे बाहेरून कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

नियंत्रणासाठी आर्डुइनो युनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड पुरतो. प्रोग्रॅम म्हणजे पायऱ्यांची एक यादी असते: कोणता चिमटा उघडायचा, किती सेकंद, कोणत्या पद्धतीने हलवायचे, कधी रिकामे करायचे. मात्र प्रोग्रॅम थांबवून धरणारी डिलेची आज्ञा वापरू नये. वेळ सतत मोजत राहावे, म्हणजे हालचाल, तापमान आणि फेऱ्यांची मोजणी एकाच वेळी सांभाळता येते. डेव्हलपिंगची वेळ चिमटा उघडल्यापासून धरायची की टाकी भरल्यापासून, हे एकदा ठरवून कायम तसेच ठेवावे. सगळे मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवावे आणि चार्जर फक्त बॅटरीला जोडावा. ७ अँपिअर-तासाची लहान यूपीएस बॅटरी पुष्कळ होते. डेव्हलपर टाकीत असताना वीज गेली तर होणारे नुकसान भरून काढता येत नाही, आणि पाण्याच्या शेजारी २३० व्होल्ट नसणे हेही मोठे समाधान आहे. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातील दुकानांत मिळतात. नळ्या आणि चिमट्यांसाठी प्रयोगशाळेचे साहित्य विकणारे दुकान गाठावे.

तापमानाचा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या रूपात येतो. परदेशी लिखाणात द्रावण गरम कसे ठेवावे याची चर्चा असते. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीच ३० अंशांच्या घरात असते, आणि डेव्हलपिंगच्या वेळांचे तक्ते २० अंशांसाठी छापलेले असतात. थंड करण्याची यंत्रणा घरी बनवणे खर्चिक आहे. त्यापेक्षा तापमान मोजून वेळ बदलणे सोपे आहे, आणि हे काम मशीन माणसापेक्षा चांगले करते. कृष्णधवल डेव्हलपरसाठी तापमान एका अंशाने वाढले की वेळ साधारण आठ ते दहा टक्क्यांनी कमी करावी लागते. मशीन द्रावणाचे तापमान वाचून ही दुरुस्ती स्वतः करते. मात्र येथे डेव्हलपर किती पातळ करायचा याचा विचार हवा. इलफर्ड या फिल्म-रसायनांच्या कंपनीच्या तक्त्यानुसार एचपी५ प्लस या फिल्मला आयडी-११ डेव्हलपर पातळ न करता २० अंशांवर साडेसात मिनिटे लागतात, आणि तेवढेच पाणी मिसळून वापरल्यास तेरा मिनिटे. २६ अंशांवर पहिली वेळ साडेचार मिनिटांपर्यंत घसरते. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की भरण्या-रिकामे करण्यातले काही सेकंदही जाणवतात आणि डाग-पट्ट्यांचा धोका वाढतो. दुसरी वेळ मात्र साडेसात मिनिटांच्या आसपास राहते आणि काम निर्धास्त होते. म्हणून उन्हाळ्यात पातळ द्रावणच वापरावे, एकदाच वापरून टाकून द्यावे, आणि ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवावे, विशेषतः बोअरचे जड पाणी येत असेल तर. डीएस१८बी२० हा स्वस्त डिजिटल सेन्सर अर्ध्या अंशापर्यंत चुकू शकतो. वेळेत त्याचा परिणाम चार-पाच टक्के होतो, आणि कृष्णधवल कामात तेवढा चालून जातो.

आता चाचणीकडे वळू. पहिले काही दिवस मशीन फक्त पाण्यावर चालवावे. पाण्यात खायचा रंग घातला की कोणत्या नळीतून काय येते आणि कुठे काय साचून राहते हे लगेच दिसते. भरण्याची आणि रिकामी करण्याची वेळ घड्याळ लावून मोजावी. रिकामी झालेली टाकी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवावी. कोरडी असतानाच्या वजनापेक्षा जितके ग्रॅम जास्त, तितके मिली पाणी आत उरले. हे मोजताना रिकामे रीळ आणि एखादी वाया गेलेली फिल्म आत असावी, कारण द्रावण तिलाही चिकटून राहते. पाच-दहा मिलीपर्यंत ठीक आहे. त्याहून जास्त उरत असेल तर टाकीचा कल वाढवावा किंवा निपलाची आतली कडा घासून तळाशी सपाट करावी.

दुसरी चाचणी प्रकाशाची. न वापरलेल्या ४०० आयएसओ फिल्मचा तुकडा चेंजिंग बॅगमध्ये (बाह्यांतून हात घालून काम करायच्या प्रकाशबंद पिशवीत) रिळावर चढवावा, टाकी मशीनमध्ये बसवावी आणि रसायनांशिवाय पूर्ण प्रक्रियेइतका वेळ भर उजेडात ठेवावी. तळाच्या नळीवर आणि नरसाळ्यावर टॉर्चही मारावा. मग तो तुकडा आणि त्याच फिल्मचा, मशीनमध्ये कधीही न गेलेला दुसरा तुकडा एकाच साध्या टाकीत हाताने धुवावेत. लाइट पॅडवर (खालून एकसारखा उजेड देणाऱ्या पाटीवर) दोन्ही शेजारी ठेवले असता वेगळे ओळखता येऊ नयेत. फोटोच्या कागदावर ही चाचणी करण्याचा सल्ला काही जण देतात, पण कागद फिल्मपेक्षा कितीतरी मंद असतो. बारीक गळती त्यावर दिसणारच नाही.

तिसरी चाचणी मला सर्वांत मोलाची वाटते. छत्तीस चित्रांचा एक रोल घ्यावा. पहिल्या भागात काही चित्रे पूर्ण सपाट, करड्या पृष्ठभागाची घ्यावीत आणि काही नेहमीच्या दृश्यांची. मध्ये तीन चित्रे लेन्सला झाकण लावून रिकामी सोडावीत. आणि उरलेल्या भागात तीच मालिका त्याच उजेडात, त्याच सेटिंगवर पुन्हा घ्यावी. चेंजिंग बॅगमध्ये रोल अंदाजाने मधोमध कापला की कात्री रिकाम्या चित्रांमध्ये पडते. एक अर्धा भाग हाताने, नेहमीच्या पद्धतीने धुवावा आणि दुसरा मशीनमध्ये, त्याच डेव्हलपरने आणि त्याच तापमानाला. सपाट चित्रांसाठी शक्य असल्यास कॅमेऱ्याची लेन्स काढून ठेवावी आणि मंद उजेडाच्या खोलीत बॉडी पांढऱ्या कागदासमोर धरून शटर दाबावे, म्हणजे कोपरे काळवंडण्याचा लेन्सचा दोष मशीनच्या माथी बसणार नाही.

दोन्ही अर्धे वाळले की त्यांचे फोटो लाइट पॅडवर ठेवून, कॅमेऱ्याचे एक्सपोजर हाताने पक्के करून घ्यावेत. स्कॅनर वापरायचा असेल तर त्याच्या सगळ्या आपोआप होणाऱ्या दुरुस्त्या बंद कराव्यात. त्या सुरू असल्या तर जो फरक शोधायचा आहे तोच पुसला जातो. मग सपाट चित्राचा कॉन्ट्रास्ट संगणकावर भरपूर वाढवून पाहावे. भोकांपासून चित्रात शिरणाऱ्या गडद जिभा दिसल्या तर हालचाल फार जोरात होते आहे. भोकांपासून एका दिशेने ओघळल्यासारखे फिकट पट्टे दिसले तर हालचाल कमी पडते आहे आणि वापरला गेलेला डेव्हलपर जागीच रेंगाळतो आहे. एक संपूर्ण कड दुसऱ्या कडेपेक्षा गडद असेल तर भरण्या-रिकामे करण्याचा वेळ जास्त आहे. प्रत्येक दोषाची खूण वेगळी असल्यामुळे दुरुस्ती कुठे करायची हे फिल्मच सांगते.

मशीनचा अर्धा भाग एकंदरीतच जास्त गडद आणि कॉन्ट्रास्टी आला तर घाबरू नये. हालचाल हातापेक्षा जास्त झाली की तसे होते. सतत हालचाल ठेवल्यास वेळ १५ टक्क्यांपर्यंत कमी करावी असे इलफर्डही सुचवते. थांबून थांबून हलवणाऱ्या मशीनला त्याहून कमी दुरुस्ती लागते. अचूक मोजायचे असेल तर स्टाउफर कंपनीची, पायरीपायरीने गडद होत जाणारी २१ पायऱ्यांची पट्टी घ्यावी; तिची प्रत्येक पायरी ०.१५ घनतेची, म्हणजे अर्ध्या स्टॉपची असते. एकाच रोलवर तिची छाप अनेकदा घेऊन रोल फ्रीजमध्ये ठेवावा आणि प्रत्येक चाचणीला त्याचा एक तुकडा मशीनमध्ये घालावा. थंड आणि उकाड्याच्या अशा दोन्ही दिवसांत धुतलेले तुकडे पायरीगणिक जुळले, तर तापमानाची दुरुस्ती बरोबर बसली असे समजावे आणि महत्त्वाचा रोल निःशंकपणे मशीनमध्ये घालावा.

फिक्सरची चाचणी लहान आहे, पण ती प्रत्येक रोलआधी करावी. फिल्मच्या सुरुवातीच्या, उजेड लागलेल्या टोकाचा तुकडा कापून त्यावर फिक्सरचा एक थेंब ठेवावा. अर्ध्या मिनिटाने तो पूर्ण तुकडा फिक्सरमध्ये बुडवावा. थेंबाची जागा आधी पारदर्शक होते आणि भोवतालचा दुधी रंग हळूहळू तिला गाठतो. तुकडा बुडवल्यापासून गोल खूण दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ म्हणजे फिल्म स्वच्छ होण्याची वेळ. त्याच्या दुप्पट वेळ मशीनमध्ये ठेवावी. ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ स्वच्छ व्हायलाच लागू लागला की फिक्सर बदलावा. फिक्सरनंतर फिल्म पाण्याने धुण्यासाठी इलफर्डची पाणी बदलत पाच, दहा आणि वीस वेळा टाकी उलटण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, पण आपले मशीन टाकी उलटत नाही. म्हणून मी पाणी तीनऐवजी सहा वेळा बदलतो. शेवटचे वेटिंग एजंटचे (वाळताना पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रवाचे) पाणी मात्र रीळ बाहेर काढून वेगळ्या भांड्यात द्यावे. ते मशीनमध्ये घातले तर नळ्यांत आणि रिळाच्या खाचांत राहते, पुढच्या वेळी फेस करते आणि फिल्म चढवताना अडकते.

रंगीत फिल्मचा विचार आपण पुढे कराल, म्हणून इतकेच सांगतो की हे मशीन त्यासाठी नाही. १९७२ साली आलेल्या, रंगीत निगेटिव्ह फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरला ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटे मिळतात, आणि कोडॅकने दिलेली मर्यादा ०.१५ अंश वर किंवा खाली इतकीच आहे. अर्ध्या अंशाने चुकू शकणारा सेन्सर आणि उघड्यावर ठेवलेली भांडी तेथे उपयोगाची नाहीत. भांड्यांसह संपूर्ण टाकी गरम पाण्याच्या हौदात आडवी फिरवणारी रचना लागते, सेन्सर चांगल्या थर्मामीटरशी जुळवून घ्यावा लागतो, आणि घरगुती विजेवरचा हीटर असल्यामुळे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) लावल्याशिवाय तो सुरूही करू नये.

मशीनच्या सांडपाण्याच्या दोन नळ्या सुरुवातीपासूनच वेगळ्या ठेवा, एक मोरीकडे जाणारी आणि एक फिक्सरसाठी झाकणाच्या बाटलीत उतरणारी. पुन्हा वापरायचा फिक्सर त्या बाटलीत आपोआप परत येतो आणि संपलेला फिक्सर चुकूनही मोरीत जात नाही. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक ठरते. संपलेल्या फिक्सरमध्ये स्टील वूल काही दिवस बुडवून ठेवले की चांदी त्यावर काळ्या गाळाच्या रूपाने उतरते. तो गाळ वेगळा साठवावा. भांडी भरताना हातमोजे घालावेत, कारण अनेक डेव्हलपरमध्ये असणाऱ्या मेटॉलमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, आणि एकदा तशी ॲलर्जी जडली की सहसा जात नाही.